नमुनापुस्तकातलं एकशेबारावं पान

ऑफेनबाख,
९ सप्टेंबर १९७४

तीर्थस्वरूप वॉलबुर्गामावशीस,

गुंडोल्फचा टोपी काढून आणि कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? बांबेर्गच्या त्या डॉक्टरने दिलेलं मलम लावतेस की नुसतं खिडकीत ठेवून बघतेस? कॅनरी बरा आहे ना? (गेल्या खेपेला त्याने माझ्या कॉलरवर जे केलं ते मी विसरलो आहे. इर्मट्राउड विसरलेली नाही, कारण कॉलर तिने धुतली.) इकडे सगळं ठीक. आई चौऱ्याऐंशीची झाली, पण खाटकाने मांस जाड कापलं तर अजून त्याला दुकानात परत पाठवते. इर्मट्राउड खुशाल, म्हणजे नवऱ्यावर चिडलेली आहे.

माझं विचारशील तर मी आजारी नाही, पण बराही नाही. महिनाभर पायाला भिंगरी लागली आहे. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कशासाठी उठलो ते आठवत नाही. इर्मट्राउड म्हणते, "गुंडोल्फ, तुझं बूड टेकत नसेल तर ती खुर्ची तरी मोकळी कर, मला मटार सोलायचेत." यात तिचा दोष नाही. छापखान्यात आमच्या हाताच्या जुळणीचे दिवस भरले. आता अक्षरं फिल्मवर उमटतात, आणि अक्षरांच्या ज्या शिशाच्या खिळ्यांनी मी चाळीस वर्षं शब्द जुळवले ते पोत्यांत भरून वितळवायला नेतात. पहिलं पोतं गेलं त्या दिवशी मी शौचालयात जाऊन रडलो, हे तुलाच सांगतो.

तर मुद्दा असा. (मुद्दा येतो आहे मावशी, चष्मा काढू नकोस.) वडिलांचं १९१३ सालचं नमुनापुस्तक तुला आठवत असेलच. निळ्या कापडाची बांधणी, विटेएवढं वजन. अक्षरं ओतणारे कारखाने छापखान्यांना अशी पुस्तकं पाठवत, की बघा, आमच्याकडे हे हे खिळे मिळतात, पसंत करा आणि मागवा. वडील कारखान्याच्याच छापखान्यात जुळारी होते, त्यामुळे त्यातली निम्मी पानं त्यांच्या हातची. माझ्याकडे अशी त्रेचाळीस पुस्तकं आहेत, आणि माणूस यांत काय वाचतो असं इर्मट्राउड दर आठवड्याला विचारते. काय वाचतो? पानाच्या डोक्यावर एवढा मोठा खिळा की 'रोम' लिहिलं की ओळ भरली. त्याखाली जरा लहान, 'बर्फ आणि मीठ'. त्याखाली 'महापौरांच्या घोड्याला दुसरं बक्षीस'. असं करत करत तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत मधमाश्या पाळण्यावर एक व्याख्यान, आणि ओळ संपली म्हणून तेही 'परंतु राणीमाशी मेल्यास ताबडतोब' इथे तुटलेलं. ताबडतोब काय करायचं? मला त्या पोळ्याची लहानपणापासून काळजी आहे. मागच्या पानांवर तर अख्खं गावच वसवलेलं. कधी न उघडलेल्या हॉटेलांची जेवणाची पत्रकं, कधी न जन्मलेल्या माणसांच्या मृत्यूच्या काळ्या चौकटी, लग्नपत्रिका, बेकरीचे रौप्यमहोत्सव. ज्या गावात कोणी राहिलं नाही तिथली सगळी मंडळी मी नावानिशी ओळखतो.

या गावातलं एकच घर मला कधी दिसलं नव्हतं. वडिलांच्या प्रतीत एकशे अकरा-बारा हे पान नाही. लहानपणी विचारलं तर ते म्हणाले, "उंदराने खाल्लं." (उंदीर पट्टी लावून खातो काय? कापलेली कड इतकी सरळ आहे की तिच्यावर ओळ जुळवावी.) आता आमच्या गावच्या संग्रहालयात एक ऑक्टोबरला जुन्या नमुनापुस्तकांचं प्रदर्शन आहे. तिथल्या डॉ. एरेनट्राउट बाईंनी वडिलांची प्रत हातात घेतली, पानं मोजली आणि म्हणाल्या, "क्रेससाहेब, प्रत सुंदर आहे, पण तोकडी आहे. मधल्या काचेच्या कपाटात मला अखंड प्रत हवी." मावशी, वडिलांचं नाव लिहिलेली पाटी त्या कपाटाला लागणार होती. सगळं शिसं वितळून गेल्यावर त्यांच्या हातचं तेवढंच उरणार आहे. मी छातीठोकपणे सांगून आलो की पान आणतो, आणि रस्त्यावर आल्यावर मला घाम फुटला.

शोधता शोधता कळलं, हानाउला एका मरण पावलेल्या छापखानेवाल्याच्या बायकोकडे तेच पुस्तक आहे. गेलो. बोकेलमानबाईंनी मला कॉफी दिली आणि पुस्तक दाखवलं. ते चिनीमातीच्या भांड्यांच्या कपाटाच्या आखूड पायाखाली होतं! मी म्हटलं, "बाई, हे फार मोलाचं आहे." त्या म्हणाल्या, "म्हणजे काय! ते काढलं तर कपाट कलंडेल." मी विनवण्या केल्या, बदली वीट देऊ केली. शेवटी त्या म्हणाल्या, "बघा हवं तर, पण नेऊ देणार नाही. माझ्या एर्विनने ते स्वतःच्या हाताने तिथे घातलंय." मी खांद्याने कपाट पेललं, पायाने वीट सरकवली, हाताने पुस्तक ओढलं. (वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी माणसाला किती अवयव आहेत ते अशा वेळी कळतं.) पुस्तक आलं. पाठोपाठ एक सूपपात्र आणि सहा बशाही आल्या. बाईंनी झाडू आणून माझ्या हातात दिला. मी एका हाताने झाडत दुसऱ्या हाताने पान एकशे बारा उघडलं.

आता पुढचं लिहायला हात अडतो आहे, पण लिहितो. त्या पानावर एक लग्नपत्रिका आहे. वेलबुट्टीची चौकट, वर दोन कबुतरं, नाजूक तिरक्या अक्षरांत मजकूर, 'कुमारी वॉलबुर्गा त्सोल्नर आणि श्री. कोनराड क्रेस, यांचा विवाह, शनिवार, १४ जून १९१३'.

म्हणजे तू आणि माझे वडील.

चाळीस वर्षं जुळाऱ्याचं काम केलेल्या माणसाला सांगावं लागू नये की नमुन्याचा मजकूर खोटा असतो. पण स्वतःच्या मावशीचं नाव बघितल्यावर अक्कल गहाण पडते. मी जुनं कॅलेंडर शोधलं. १४ जून १९१३ला खरोखर शनिवार होता! आईवडिलांचं लग्न झालं मे १९१४मध्ये. मग आधी हे काय झालं होतं? आणि मग मी कोण? मी सरळ पाद्रीबाबांकडे गेलो आणि नोंदवही मागितली. पाद्री वेंडेलीन म्हणाले, "क्रेस, तुमच्या वडिलांनी दोन लग्नं केली असं तुम्हाला म्हणायचंय?" मी म्हटलं, "मला काही म्हणायचं नाही, मला बघायचंय." नोंदवहीत काही नव्हतं. पण कचेरीतल्या बाईंना कान होते, आणि दुपारी पावाच्या दुकानात मालकिणीने माझा हात दाबून सांगितलं, "मन घट्ट करा हो, असं चांगल्या चांगल्या घरांत होतं."

शेवटी मी वडिलांच्या छापखान्यातल्या जोडीदाराकडे, म्हाताऱ्या बुलमानकडे गेलो. तो वृद्धाश्रमात असतो, शहाऐंशी वर्षांचा, दोन्ही कान अधू, पण खिशात अजून सात चौकोनी शिशाचे ठोकळे. (शब्दांमधल्या कोऱ्या जागेत भरतात ते. आम्ही जुळारी त्यांचे फासे करतो. मुठीत खुळखुळवून टाकायचे, जितक्या खाचा वर येतील तितके गुण.) मी काय विचारतोय ते ऐकून घेण्याआधी त्याने मला तीन डाव खेळायला लावले आणि तिन्ही जिंकला. मग म्हणाला, "काय रे कोनराडच्या पोरा, एवढंही माहीत नाही? अरे, मागच्या पानांवरची नावं आम्ही फाशांवर ठरवायचो! मी एकशे अठरा पानावर मेलोय, बघ जाऊन. काळ्या चौकटीत, 'दीर्घ आजाराने'. तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो मी. आईने बघितलं आणि चिमट्याने कान धरला माझा." म्हणजे हरणाऱ्याला पोरं कागदावर मारत, बोहल्यावर चढवत, दिवाळखोर करत. आणि वडील हरले म्हणून पोरांनी त्यांचं तुझ्याशी लग्न लावलं, एवढंच!

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. घरी येऊन हिरव्या चटणीबरोबर नऊ बटाटे खाल्ले आणि सफरचंदाच्या वाइनचे दोन पेले घेतले. आईला यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही, उगाच या वयात तिच्या जिवाला घोर नको. तूही काही बोलू नकोस. तुला गंमत वाटेल म्हणून कळवलं, दुसरं काही कारण नाही. आलुबुखारे पिकले असतील, तेव्हा येत्या रविवारी तुझा केक खायला येतो.

तुझा भाचा,
गुंडोल्फ

ता. क. दुसरं कारण आहे. मी निघालो तेव्हा बुलमानने मला दारातून परत बोलावलं. म्हणाला, "हरला? कोनराड? छे! तो कधी हरायचाच नाही. काळ्या चौकटी हरणाऱ्याला. लग्नाचं पान जिंकणाऱ्याचं असायचं, नावं तो स्वतः घालायचा." तेव्हापासून पुन्हा बूड टेकत नाही. मावशी, आमच्या प्रतीतलं ते पान उंदराने खाल्लेलं नाही. ती जुळाऱ्याच्या सुरीची कड आहे. ते जर तुझ्याकडे असेल, कपाटात चादरींखाली किंवा प्रार्थनेच्या पुस्तकात, तर मी रविवारी ते न्यायला येतो. अलोईसकाका आता नाहीत, तुझ्या घरात कोणाला वाईट वाटायचा प्रश्न नाही. एरेनट्राउट बाईंनी वीस तारखेपर्यंतच मुदत दिली आहे.

ता. क. दुसरा. मी पाकीट शोधायला उठलो तेवढ्यात आईने हे पत्र वाचलं. (चष्म्याशिवाय! मला सांगते दिसत नाही.) मला वाटलं आता भूकंप होणार. ती म्हणाली, "उंदीर वगैरे काही नाही. आमच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्याने माझ्यासमोर कापलं आणि तिला नेऊन दिलं. मीच सांगितलं होतं, दे म्हणून. तिने एक शब्द न बोलता माझ्या झग्याला लेस लावली होती रे." मी प्रदर्शनाचं सांगितलं, वडिलांच्या नावाची पाटी सांगितली. ती बटाटे सोलायला लागली. मग म्हणाली, "वॉलबुर्गाला लिही, ऑटिलीने सांगितलंय म्हणून. माणूस मला मिळाला. कागद तिच्याकडेच राहू दे."

ता. क. तिसरा. एरेनट्राउट बाईंना मी कळवतो की प्रत जशी आहे तशीच घ्या, नाहीतर राहू द्या. मी रविवारी येतो आहे तो फक्त केक खायला. पण मावशी, एकदा दाखवशील का? हात लावणार नाही.