दिवालीवहिनींच्या न मोडलेल्या पायाबद्दल

एरंडोल, चैत्र वद्य पंचमी
(भर दुपार. बाहेर त्रेचाळीस, आणि आत पंखा तेच त्रेचाळीस फिरवतो आहे.)

श्रीयुत लोटनभाऊ यांस रुपचंदचा दोन्ही हात जोडून नमस्कार. दिवालीवहिनींनाही तो पोचता करावा. इकडे सगळं ठीक म्हणण्याइतपत ठीक आहे. तिकडे वहिनींचा डावा पाय आता कसा आहे? प्लास्टर निघून चालता येऊ लागलं का? तुमच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्याचे थेंब घालायचा कंटाळा करू नका. गोठ्याचं पडलेलं छप्पर पावसाआधी घालून घ्या. (भाऊ, उठून गोठ्याकडे पळू नका. छप्पर जागेवर आहे, डोळा शाबूत आहे आणि वहिनींच्या पायाला काहीही झालेलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण गेल्या वर्षभरात तुमच्या घरात काय काय घडलं ते तुम्हाला कळवणं आता भाग आहे, कारण बाहेरगावच्या तेरा माणसांना ते पाठ आहे आणि तुम्हालाच माहीत नाही.)

फोन का केला नाही म्हणाल. फोनवर आपलं काय होतं ते तुम्ही जाणता. तुम्ही म्हणता, "बठ्ठं बरं शे ना?" मी म्हणतो, "हाव." मग मला तुमची म्हैस ऐकू येते, तुम्हाला माझा पंखा ऐकू जातो, आणि आता कुणाच्या तरी तोंडी मंजुळाचं नाव येणार असं वाटलं की आपण दोघंही घाईघाईने फोन ठेवतो. वर्षभर हेच चाललं आहे. तिचं वर्षश्राद्धही अमृतने पुण्यालाच उरकलं (त्याला रजा नव्हती आणि तुम्हाला तेवढा प्रवास झेपला नसता), त्यामुळे समोरासमोर बसणंही राहिलं. म्हणून हे पत्र. सावकाश वाचा, मध्येच थांबून पाणी प्या.

तर गोष्ट अशी. लॉकडाऊनमध्ये अमृतने मला नवा मोबाईल पाठवला आणि बापाचे गुडघे सुधारावेत म्हणून एका ऑनलाइन योगवर्गात माझं नाव घातलं. शिकवणारी मुलगी चार महिन्यांत लग्न होऊन कॅनडाला गेली. योग बंद पडला, ग्रुप मात्र राहिला. नाव अजून 'प्रभात योग परिवार' असंच आहे, पण गेल्या चार-पाच वर्षांत त्यात कुणी साधा हातसुद्धा वर केलेला नाही. मला धरून चौदा माणसं, सगळी साठीच्या पुढची, एकमेकांना कधीही न भेटलेली. सकाळी चहाचा फोटो, दुपारी भाजीचा, संध्याकाळी कुणाच्या गुडघ्याचा. कोल्हापूरचे योगेंद्रराव बँकेतून निवृत्त झाले, ते विनोद पाठवतात (एकच विनोद महिन्यातून तीनदा, आणि आम्ही तिन्ही वेळा हसतो). बडोद्याच्या भाविकाबेन मराठी लिहितात, पण ती वाचताना तोंडात गूळ असल्यासारखं वाटतं. मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. रोज शेकडो माणसांशी बोललो, पण ती सगळी आपापल्या थांब्याला उतरून गेली. ही उतरली नाहीत. मंजुळा म्हणायची, "ज्यास्नं तोंड देखं नही त्यास्ले भाजी काय दखाडतस?" आणि तरी भाजीत कोथिंबीर पेरूनच ताट माझ्यापुढे फोटोला धरायची.

तिला आखाजीचं वेड, हे तुम्हाला मी काय सांगावं. त्या ग्रुपवर मीच वर्षानुवर्षं सगळ्यांचे कान किटवले होते, की आमच्याकडे आखाजीला, म्हणजे तुमच्या अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि सासरचे पुरुष आठ-पंधरा दिवस हातानं चहा करून पितात. गेल्या वर्षी आखाजी तीन आठवड्यांवर होती. जळगावच्या दवाखान्यात सकाळी पावणेसहाला डॉक्टर बाहेर आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. अमृत पुण्याहून वाटेवर होता. तुम्हाला फोन लावला तर लागेना. माझ्या हातात मोबाईल होता, ग्रुपवर शुभ सकाळ सुरू झाली होती. कुणाला तरी सांगायला पाहिजे म्हणून मी दोन शब्द लिहिले, "ही गेली."

भाऊ, आपल्या भाषेत माणूस मेलं असं आपण म्हणत नाही, गेलं म्हणतो. आणि माणूस बाजाराला गेलं तरी गेलंच म्हणतो. अर्ध्या मिनिटात योगेंद्ररावांचं उत्तर आलं, "आखाजीला माहेरी ना? इतक्या लवकर? मजा आहे राव तुमची!" आणि खाली एक नाचणारा माणूस. त्यामागोमाग आणखी चौघांनी नाचणारी माणसं पाठवली. मी दवाखान्याच्या बाकावर हातात पाच नाचणारी माणसं घेऊन बसलो होतो. त्यांची काय चूक? मी रागावलोसुद्धा नाही. उलट वाटलं, हे खरं असतं तर काय बिघडलं असतं! ती आत नसून तुमच्या ओसरीवर बसली असती तर? आणि मी लिहिलं, "हो. माहेरी." एकदा फाडलेलं तिकीट परत मशीनमध्ये जात नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

आखाजी उलटून पंधरा दिवस झाल्यावर विचारणा सुरू झाली, वहिनी आल्या का? तेव्हा मी दिवालीवहिनींचा पाय मोडला. (माफी असावी. उजवा मोडणार होतो, पण उजव्या पायाला तेल लावताना त्यांना मी पाहिलं आहे, म्हणून डावा घेतला.) नणंद भावजयीची सेवा करायला थांबली, हे कुणालाही पटण्यासारखं होतं. ग्रुपवर पायासाठी सामुदायिक प्रार्थना झाली. भाविकाबेननी कसलं तरी हाडांचं तेल कुरिअरने माझ्या पत्त्यावर पाठवलं; ते मी माझ्या गुडघ्याला लावलं आणि चांगला गुण आला. पाय किती दिवस मोडलेला ठेवणार, म्हणून पोळ्याच्या सुमारास छप्पर पाडलं, आणि दिवाळीनंतर तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू घातला. मोतीलालजी म्हणून नागपूरचे एक आहेत, ते मला एकट्याला लिहून सुचवतात, की रुपचंदभाऊ, मेहुण्यांच्या सोनगीरच्या त्या घराची एकदा वास्तुशांत करून घ्यायला सांगा. मी सांगतो म्हणालो आहे. तर सांगितलं असं समजा.

आता हे सगळं थांबवलं का नाही, हे विचाराल. विचारायलाच हवं. त्याचं असं झालं, की आमच्यातल्या जीवराम म्हणून एकांचा भाऊ वारला. त्यांनी नीट, स्पष्ट शब्दांत लिहिलं. तेरा वेळा 'भावपूर्ण श्रद्धांजली' आली, तेरा हात जोडले गेले, आणि मग आठवडाभर त्यांच्याशी कुणी काही बोललंच नाही. माणसं वाईट नाहीत. काय बोलावं हे कळत नाही, एवढंच. इकडेही तेच. तेरावं झालं आणि आपली माणसं आली तशी गेली. शेजारची सुनिता दोन महिने डबा देत होती, मग तिची नजर जड व्हायला लागली, म्हणून मीच बंद केला. पण बायको माहेरी गेलेल्या माणसाला लोक रोज विचारतात. जेवलात का, कुकरच्या किती शिट्ट्या केल्या, दूध उतू गेलं का. बायको गेलेल्याला कुणी विचारत नाही. मला पोळी भाविकाबेननी शिकवली, वहिनी येईपर्यंत म्हणून. वरणाला फोडणी कोकणातल्या एका बाईंनी. कळण्याची भाकरी माझी मीच शिकलो, तिचा फोटो टाकला तर योगेंद्ररावांनी लिहिलं, "वहिनी घरात नाहीत हे दिसतंय!" मी त्यावर हसणारं तोंड पाठवलं. मग तीच भाकरी खाल्ली आणि अंग दुखत नसताना दुपारभर पडून राहिलो. खोटं बोलून मी वर्षभर जेवलो, लोटनभाऊ. थकलो आहे, पण जेवलो.

आणि आता ती माणसं येत आहेत. दर उन्हाळ्यात आम्ही ग्रुपवर सहल ठरवतो. उटी, काश्मीर, एकदा तर भूतानसुद्धा ठरला होता, आणि कुणीच कुठे जात नाही. त्यामुळे यंदा तोरणमाळ ठरलं तेव्हा मी निर्धास्तपणे अंगठा वर केला. पण यंदा सहा जणांनी खरोखर सुना, नातवंडं आणि औषधं यांची व्यवस्था लावली. योगेंद्ररावांनी गाडी ठरवली आहे. बेत असा, की आखाजीच्या आदल्या दिवशी एरंडोलला यायचं, पद्मालयाच्या गणपतीला जायचं, माझ्या हातची पोळी खायची, आणि आखाजीला सकाळी धुळ्यावरून सोनगीरला पोचायचं. का, तर "वहिनींना सगळे मिळून आणू, आपणच मुराळी!" मी लिहिलं, की मुराळी सासरहून माहेरी न्यायला येतो, उलट नाही. तर म्हणे चालेल. त्यांना झोके बघायचे आहेत, दिवालीवहिनींचा पाय बघायचा आहे, तुमचा डोळा बघायचा आहे. भाविकाबेननी मंजुळासाठी साडी घ्यायचं काढलं आणि मला विचारलं, तिला रंग कुठला आवडतो. मी दिवसभर आठवत बसलो. एकेचाळीस वर्षांत मी तिला हे विचारलंच नव्हतं. शेवटी मोरपंखी म्हणून सांगितलं. चुकलं असेल तर तुमच्यापाशीच ठेवा.

आपल्याकडे आखाजीला जिवंत लेकी माहेरी येतात आणि गेलेली माणसं पितरं होऊन पुजलेल्या घागरीवर येतात. मंजुळाला मी दोन्हीकडे बोलावून ठेवलं आहे. इथे तिच्या नावाची घागर भरायची आणि तिथे तिला आणायला जायचं, हे एका माणसाच्याने एकाच दिवशी होण्यातलं नाही.

तरी मी उपाय काढला आहे. गाडी दारात आली की तुम्ही सांगायचं, मंजुळा कालच शिरपूरला एका लग्नाला गेली, चार दिवसांनी येईल. वहिनींनी जरासं लंगडायचं (डाव्या पायानं, विसरू नये). तुम्ही काळा चष्मा लावायचा. चहा-पाणी झालं की मी त्यांना उन्हाचं कारण सांगून तोरणमाळला पिटाळतो. एवढं केलंत तर पुढचं मी बघून घेईन. वहिनींना माझी शंभरदा माफी सांगा. घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद, म्हशीलाही.

तुमचा,
रुपचंद

ता. क. वरचा उपाय रद्द समजावा. पत्र पाकिटात घालताना तो प्रसंग डोळ्यांपुढे आणून बघितला. दिवालीवहिनी लंगडायच्या ऐवजी दारातच रडतील, तुम्ही काळा चष्मा काढून डोळे पुसाल, आणि भाविकाबेन साडी मांडीवर घेऊन लग्नाहून येणाऱ्या बाईची चार दिवस वाट बघायला तयार होतील. त्यांच्याशी मला असं वागायचं नाही. तुम्हीच त्यांना खरं सांगा, भाऊ. मी लिहायला बसतो आणि पुन्हा 'गेली' एवढंच लिहून होतं, पुढचा शब्द माझ्या हातून येत नाही. खोटं मी बोललो, खरं तुमच्या तोंडून होऊ द्या. ती माणसं चिडली, तिथूनच परत फिरली, तर मी एसटीने घरी येईन.

ता. क. २. खरं सांगायचं ते हे. वर्षभरात मी सोनगीरला पाय ठेवला नाही, तुम्ही दोनदा निरोप धाडलात तरी. उन्हाचं, गुडघ्याचं सांगत राहिलो. पण लोकांना रोज सांगून सांगून माझ्याही डोक्यात कुठेतरी बसलं आहे, की ती तिथे आहे. आलो आणि दिसली नाही, तर मग ती कुठेच नाही. तरी आखाजीला येतो. फक्त एक विनंती आहे, आणि तेवढ्यासाठी हे सगळं लिहिलं. आम्ही दोघं यायचो तेव्हा ती कोपऱ्यावरच्या बायांशी बोलत मागे राहायची, मी पुढे एकटाच दारात यायचो आणि तुम्ही दर खेपेला खाटेवरूनच विचारायचात, "एकलाच उनात का पाव्हना?" एकेचाळीस वर्षांची सवय आहे, जिभेवर येईल. तेवढं विचारू नका.