एकजण मध्येच सोडून गेला

प्रिय ताई,

फोनवर दाताचा विषय काढला की तू घाईत असतेस, म्हणून लिहितोय. आठवीत शाळा सुटली, त्यानंतर एवढं लांबलचक कधी लिहिलेलं नाही. सांभाळून घे.

काम बरं आहे. दिवसभर कोल्ड स्टोरेजमध्ये खोकी रचतो. तोंड उघडलं की दातांवरची तार-स्प्रिंग गार पडते आणि पुढचा दात ठणकतो. पोरं मला पत्र्या म्हणतात. मीही हसतो, ओठ मिटून.

तुझ्या डेंटल कॉलेजात, तुझ्या डिग्रीच्या प्रयोगासाठी मी पेशंट झालो ते आठवतं ना? निम्म्यांना जुनी तार, निम्म्यांना नवी स्प्रिंग. कुणाला काय ते बंद पाकिटातून. मला स्प्रिंग निघाली तर तू म्हणालीस, नशीबवान आहेस लेका, निम्म्या वेळात सुटशील. पुढे दात हलायला लागला तेव्हा मी आधी तुलाच सांगितलं. तू एक्सरे काढलास, बराच वेळ बघत बसलीस, आणि त्याच आठवड्यात या नोकरीची बातमी आणलीस. दाताचं नंतर बघू, संधी सोडू नकोस म्हणालीस. बॅगसुद्धा तूच भरलीस. मला वाटलं, ताईला माझी केवढी काळजी.

परवा आपल्या धाकटीने, छकुलीने, तुझ्या भाषणाचा व्हिडिओ पाठवला. काय झकास बोलतेस तू. जगभर सगळे दात लवकर कसे सरकतील तेवढंच तपासतात, पेशंटला दुखलं किती, पुढे त्या दातांचं काय झालं, हे फार थोडे विचारतात, असं म्हणालीस. मला अभिमान वाटला. मग म्हणालीस, आमच्या स्प्रिंगने कुणालाच इजा झाली नाही. एकजण नोकरीसाठी मध्येच सोडून गेला, त्याला हिशोबात धरलेलं नाही. लोक टाळ्या वाजवत होते.

इथल्या डॉक्टरांनी एक्सरे काढला. दाताचं मूळ निम्मं विरघळलंय. तिथल्या एक्सरेतही ते दिसलं असणार, म्हणाले. दात जाणार. तुझ्या डिग्रीसाठी मागितला असतास तर तसाही दिला असता गं. पण तू मला घालवलंस, आणि वर मीच सोडून गेलो म्हणालीस.

आता भाषण ऐकून आई मागे लागलीय, आणि पुढच्या आठवड्यात छकुलीला तीच स्प्रिंग बसणार आहे. नाही म्हणायला तुला तोंड उरलेलं नाही, हे कळतं मला. छकुलीने विचारलं, दादा, दुखतं का रे? म्हटलं, ताई सांगेल. माझा एक्सरे सोबत ठेवलाय. तिला समोर बसवून तूच दाखव. तू नाही दाखवलास, तर मी दाखवीन.

तुझाच,
न धरलेला