चिनी ताटातला बांबू

बमरोली, सुरत

आबा,
हेमराज पाया पडतो.

साडीच्या नव्या डिझाइनसाठी आमच्या मिलचे डिझाइनर जयेशभाई चिनी मातीचं जुनं ताट घेऊन आलेत. पांढऱ्यावर नुसती नीळ. सुरूसारखं एक झाड, बिनपानांच्या फांदीवर फुलं, आणि बांबू. मी बघतच राहिलो. भाई म्हणाले, बर्फातही ही तिन्ही झाडं तग धरतात, म्हणून चीनमध्ये त्यांना मान आहे. आबा, बांबूला मान! आणि मी घर सोडताना तुम्हाला म्हणालो होतो, टोपल्या विणण्यात मी जन्म घालवणार नाही.

त्यावरून छापलेल्या आमच्या नमुन्यात बांबूची फांदी दोन गाठींच्या मधूनच फुटली होती. मी बोललो, "भाई, बांबूला फांदी गाठीवरच फुटते." त्यांनी ताट जवळ घेतलं. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या चिन्यानं गाठीवरच काढली होती, तुम्ही मला दाखवायचे अगदी तशी. माझ्या अंगावर काटा आला.

"अरे, किसने सिखाया तेरे को?"

मी म्हणालो, "ऐसेच मालूम है."

तुमचं नाव लाजेनं गिळलं, आबा. उद्या आधी भाईंना ते सांगतो. तोवर हे पत्र खिशातच राहील.

तुमच्या हाताखाली शिकलेला,
हेमराज