बांधावरचं सीताफळ वर्षाराणीचं

लिहून ठेवते मी, गुणाबाई, वय सत्तरच्या पुढं, धंदा शेती, तालुका कंधार, जिल्हा नांदेड. मला अक्षर येत नाही. मी बोलले तसं महादेवप्पांनी लिहिलं. माझी अक्कल जागेवर आहे. कुणाला शंका असेल तर मी जिती आहे तोवर येऊन भांडून बघावं.

१. राहतं घर आणि विहिरीकडचं वावर मुलगा श्रीमंत याला. मुलगा आहे म्हणून देते. गुण बघून दिलं असतं तर गोठाही मिळाला नसता.

२. बांधावरचं सीताफळ, त्याच्या सावलीपुरती जमीन आणि तिथवरची वाट श्रीमंतची मुलगी वर्षाराणी हिला. या झाडाचा गर उघडा ठेवला तरी काळा पडत नाही. का, ते ती लातूरच्या प्रयोगशाळेत शोधून राहिली. फळात गोडी बनते, गर काळा करणारा रस बनतो. ते बनवायचा हुकूम कोणतं जनुक कधी सोडतं आणि कधी आवरतं, हे बघायचं तर फळाचं नेमकं वय ठाऊक लागतं. म्हणून दर आठवड्याच्या फुलांना तिनं वेगळ्या रंगाचा दोरा बांधला.

शेजारच्या सुमनबाईला वाटलं, नवसाचं झाड. तिनंही बांधला, सुनेला दिवस जावेत म्हणून. तिचं बघून गावच्या बायका आल्या. मी काठी घेऊन बसले, तर माझ्याच पाया पडून गेल्या.

वर्षा फळं न्यायला बर्फाचा डबा घेऊन आली. बायकांच्या दोऱ्यांत तिचे दोरे मिसळले, कोणतं फळ कोणत्या आठवड्याचं, काही कळेना. “आजी, यंदाचं साल गेलं,” एवढंच म्हणाली. मी म्हणले, पुढच्या साली बांध. तर श्रीमंत तिच्यासमोर म्हणतो, “माय, बायका सोयाबीन तुडवून राहिल्या. झाडच तोडतो, कटकट मिटंल.” तेव्हापासून माझं डोकं फिरलं आहे. म्हणून हा कागद.

३. श्रीमंतनं झाडाला कुऱ्हाड लावली तर विहिरीकडचं वावरही वर्षाराणीचं. बाबा, ही थट्टा न्हाई.

४. सुमनबाईला माझं हिरवं लुगडं. त्याचे दोरे काढून तिनं स्वतःच्या दाराला बांधावेत. सुनेला दवाखान्यात न्यावं. सोबत मुलालाही न्यावं.

५. आमच्याकडं आता मेलेल्याची राख झाडाच्या बुडाशी टाकायची चाल पडली आहे. हे झाड मी लावलेलं, म्हणून माझ्याही मनात तेच होतं. वर्षाला तसं सांगितलं. ती म्हणाली, “आजी, राखेनं माती बदलते. मग फळात फरक दिसला तर तो कशानं पडला, सांगता येणार न्हाई.” डोळे पुसून राहिली होती, पण बोलली. सबब माझी राख सोयाबीनमध्ये टाकावी. झाडाजवळ चिमूटभरही आणू नये.

वाचून दाखवलं, ऐकलं, कबूल आहे.

गुणाबाई, डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: हणमंतराव (सही), सिद्रामप्पा (सही)
लिहिणार: महादेवप्पा (सही)
कंधार, १९ नोव्हेंबर २०२५