वारा कोणत्या बाजूला जातो

४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

परवा मिस्त्री माझ्याकडे आले होते. या महिनाअखेर ते गॅरेज बंद करताहेत. त्यामुळे हे पत्र लिहिणं भाग पडलं. एरवी तू फोन करतोस आणि मी ऐकते, तेवढं आपल्या दोघांना पुरतं.

जागेच्या मालकाला त्यांनी तसं कळवलंही आहे. तू मोटारक्लबाच्या परिपत्रकात छापून आणलंस, की त्यांच्याकडून पंखे बसवून घेतले म्हणून तुझ्या स्पोर्ट्स कारचं इंजिन भाजून निघालं, सभासदांनी सावध राहावं. तेव्हापासून क्लबातली एकही गाडी त्यांच्या दारात गेलेली नाही. बावीस वर्षं ज्या माणसाने तुझ्या स्कूटरपासून सगळ्या वाहनांची दुखणी काढली, त्याला तू चार ओळींत निकालात काढलंस. ते परिपत्रक मागे घ्यावंस असं मला वाटतं. चूक कुणाच्याही हातून होऊ शकते.

चार तासांचा प्रवास करून आले होते, पण दारातच उभे राहिले. पाणीसुद्धा उभ्याने घेतलं. म्हणाले, बाई, पंखे बसवले त्या दिवशी तुम्ही भावाच्या अंगणात हजर होतात. माझं नेमकं कुठे चुकलं ते तुम्हाला दिसलं असेल तर सांगा, म्हणजे मी शांतपणे शटर ओढीन. आठवून सांगते, असं म्हणून मी त्यांची बोळवण केली.

तुझ्या गुडघ्याचं काय ठरलं? मुलगी डॉक्टर दाखवते आहे तर दाखवून घे, आडमुठेपणा पुरे. घरी सर्वांना आशीर्वाद. लोभ आहे तसाच राहू दे.

ताई


९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाकिटावर तुझं अक्षर बघून आधी वाटलं कुणीतरी गेलं. वाचून पाहतो तर मलाच फैलावर घेतलेलं.

ज्या बाईंनी सख्ख्या भावाच्या उत्तरपत्रिकेत एकक लिहायचं राहिलं म्हणून अर्धा मार्क कापला, त्या आज म्हणतात चूक कुणाच्याही हातून होऊ शकते. तब्येत बरी आहे ना? की मिस्त्री तुझा जुना विद्यार्थी म्हणून ही वकिली? बारावीला त्याला नापास करताना नव्हता आला एवढा कळवळा.

ताई, गाडी पाच महिने शेडमध्ये झाकून पडली आहे. पेन्शनीत निघाल्यावर माणसं तीर्थाला जातात, मी ही दोन माणसांची, पोट जमिनीला घासणारी गाडी घेतली. सगळे हसले, तूही हसलीस. गर्दीत तापायची, एवढंच तिचं दुखणं. मूळचा पंखा अपुरा पडतो, रेडिएटरच्या पुढे विजेचे दोन बसवू, वारा बाहेरून आत ढकलतील, हे मिस्त्रीनेच सुचवलं. अंगणात इंजिन अर्धा तास चालू ठेवलं तेव्हा तापमानाचा काटा निम्म्याच्या वर गेला नाही. आपण टाळ्या वाजवल्या. आणि आठवड्याने क्लबाच्या सहलीत घाट चढताना चौथ्या वळणावर बॉनेटमधून वाफा. काट्याने इशारासुद्धा दिला नाही. दुसऱ्या गॅरेजवाल्याने पाहून सांगितलं, इंजिनाचं हेड वाकलं, गॅस्केट जळलं, पंख्याचं काम कच्चं. मिस्त्रीला मग मी गाडीजवळ येऊ दिलं नाही.

त्याचा हात आता राहिला नाही, हे त्यानेही मान्य करावं आणि तूही. परिपत्रक मागे घेणार नाही. बाकी काही सांग, ऐकेन.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
धाकटा


१३ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

मला आठवायचं काहीच नव्हतं. तुझ्या गाडीचे पंखे मी उलटे जोडले.

क्रमाने लिहिते, म्हणजे तुला मध्ये कुठे मला सोडवता येणार नाही. पंखे मिस्त्रींनी बसवले, चौकट त्यांनी घट्ट केली. तारा जोडायच्या राहिल्या होत्या आणि दोन क्लिपा कमी पडल्या, म्हणून ते आणायला गेले. तू आत चहा करत होतास. जाताना त्यांनी सांगितलं, की मी आलो की जोडू. मी तीस वर्षं मुलांना विजेची मंडलं जोडायला शिकवली. माझ्यासमोर दोन तारा मोकळ्या लोंबताहेत हे मला बघवेना. एक काळी आणि एक काळीच, पण पांढऱ्या रेघेची. आमच्या प्रयोगशाळेत रेघेची तार ऋण असायची. या पंख्यांत ती धन होती. मी ऋण म्हणून जोडली, टेप गुंडाळली आणि समोरची जाळीही लावून टाकली.

मिस्त्री परत आले. त्यांची एक पद्धत आहे. पंख्यासमोर चिंधी धरतात आणि वारा कोणत्या बाजूला जातो ते डोळ्यांनी बघतात, मगच पुढचं काम. त्यांनी मला विचारलं, बाई, चिंधी धरून पाहिलीत का? मी हो म्हटलं.

पाहिली नव्हती. चिंधी धरणं मला अडाणीपणाचं वाटत होतं, आणि नाही म्हटलं असतं तर त्यांनी जाळी काढून माझं काम तपासलं असतं. एवढंच कारण. याहून मोठं कारण शोधलं, सापडलं नाही.

उभ्या गाडीत, बॉनेट उघडं असताना, वारा आतून बाहेर गेला तरी रेडिएटर थोडाफार निवतो. म्हणून काटा खाली राहिला. रस्त्यावर समोरून येणारा वारा आत शिरू बघतो आणि पंखे त्याला बाहेर ढकलतात. दोघांची झटापट होते आणि मध्ये हवा जागच्या जागी थांबते. तुझं परिपत्रक आलं, त्यात घाटात तापली असं वाचलं, त्याच संध्याकाळी मी कागद घेऊन बसले आणि दहा मिनिटांत मला उत्तर मिळालं. म्हणजे साडेचार महिने मला माहीत आहे. फोनवर तू मिस्त्रींना नावं ठेवायचास तेव्हा मी तुला गुडघ्याचं विचारायची.

त्याने तपासायला हवं होतं, असं मला लिहू नकोस. मी खोटं बोलेन हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल, म्हणून त्यांनी जाळी काढली नाही. आणि त्या दिवशी माझ्या दारात उभे राहून विचारलं तेव्हा मी दुसऱ्यांदा खोटं बोलले.

त्यांनाही आजच्याच टपालाने हे सगळं लिहिलं आहे.

आशीर्वाद मोठ्या बहिणीने द्यायचे असतात म्हणून देते. ते घ्यायचे की नाही, तू ठरव.

ताई


१७ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुझ्याशी दोन दिवस बोलायचं नाही असं ठरवलं होतं. तू फोन केलाच नाहीस, त्यामुळे अबोला फुकट गेला.

शेड उघडलं. बॅटरी जोडली, पंखे चालू केले आणि गाडीसमोर उभा राहिलो. सगळी धूळ आणि वाळकी पानं माझ्या तोंडावर. मी तिथेच पायरीवर बसलो. बायको बाहेर आली, विचारलं काय झालं, तर तिच्या हातात तुझं पत्र दिलं.

रागावलोय. पाच महिने गेले त्यासाठी नाही, फोनवर गुडघ्याचं विचारायचीस त्यासाठी. मला वाटायचं, म्हातारी मऊ पडली.

आता माझं ऐक. काट्याने इशारा दिला नाही असं मी लिहिलं, क्लबात सांगितलं, मिस्त्रीच्या तोंडावर सांगितलं. दिला होता. दुसऱ्या वळणावरच काटा लाल पट्टीत गेला होता. मागे क्लबाच्या सेक्रेटरीची नवी गाडी होती आणि मला त्याला पुढे जाऊ द्यायचं नव्हतं. तिथेच थांबलो असतो तर पाणी थंड करून घरी आलो असतो, हेड वाकलं नसतं. तू पंखे उलटे जोडलेस, इंजिन मी जाळलं. आणि दोघांनी मिळून किंमत मोजायला लावली तिसऱ्यालाच.

परिपत्रक मागे घेतो. पण तुझं नाव घालत नाही. तांत्रिक कारणामुळे गैरसमज झाला, एवढं पुरे. उतारवयात तुझी शोभा कशाला करायची, अर्धा क्लब तुझ्या हाताखाली शिकलेला. नव्या परिपत्रकाचा मसुदा सोबत आहे. काट्याचं तेवढं वेगळ्या कागदावर लिहून जोडतो, तुला वाटलं तर वापर.

उद्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे निघतोय. महिनाभर तिथेच. शेडची किल्ली शेजारी ठेवली आहे.

लोभ कमी झालेला नाही, सध्या तो जरा घुश्श्यात आहे.

धाकटा


२० मार्च

आदरणीय बाईंना,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मी वाचलं, मग घरच्यांना वाचून दाखवलं. मला राग आला आहे हे आधीच लिहितो. तुम्ही मला नापास केलंत तेव्हा आला नव्हता, कारण तेव्हा उत्तर माझं चुकलं होतं.

गेले पाच महिने मी घट्ट केलेला बोल्ट सोडतो आणि परत घट्ट करतो. गाडी दिल्यावर गिऱ्हाइकाच्या मागे स्कूटरवरून कोपऱ्यापर्यंत जातो, काही आवाज येतो का ऐकायला. परवा एकाने गाडी थांबवून विचारलं, मिस्त्री, पाळत ठेवताय का? घरात गॅसचं बटण बंद आहे का ते तीनदा बघतो. बायको म्हणते, दुकान बंद करा, पण आधी हे बंद करा. माझ्या हाताला काय झालं ते मला कळत नव्हतं. हाताला काही झालं नव्हतं हे आता कळलं, तरी बोल्ट मी कालसुद्धा दोनदा घट्ट केला.

भाऊंचा फोन आला होता. तांत्रिक कारण असं छापतो म्हणाले. मी नको म्हटलं. तांत्रिक म्हणजे लोक परत माझंच समजणार. एकोणतीस तारखेला क्लबाची सभा आहे. तुम्ही स्वतः येऊन सांगा, सगळ्यांसमोर, भाऊंच्या तोंडून नको.

जागा सोडायची की नाही ते सभेनंतर बघेन. मालकाला दिलेली सूचना अजून मागे घेतलेली नाही.

माफ केलं असं लिहायला पेन टेकवलं होतं. आत्ता ते खरं होणार नाही. खरं होईल त्या दिवशी कळवीन.

आपला विद्यार्थी,
मिस्त्री


३० मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

टाके कधी काढणार ते तुझ्या मुलीने कळवलं. काठी वापर. लाजायला तू काही नवरदेव नाहीस.

काल सभेला गेले. तुझ्या मसुद्यातलं तांत्रिक कारण मी खोडलं आणि माझं नाव घातलं. तुला विचारलं नाही, कारण तू नको म्हणाला असतास. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तीसेक माणसं होती, त्यांतली नऊ माझे विद्यार्थी. उभी राहून सगळं सांगितलं: तारा, चिंधी, हो म्हटलं ते, दारात म्हटलं ते. मग तुझा काट्याचा कागद वाचून दाखवला. सेक्रेटरी बराच वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत होते. मागच्या रांगेतून एकाने विचारलं, की बाई, आम्ही असं केलं असतं तर तुम्ही किती मार्क दिले असते? लोक हसले. मी शून्य म्हणाले. मग कुणी हसलं नाही.

मिस्त्री दाराजवळ बसले होते. माझं बोलून झाल्यावर उठून गेले. माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, संपलं. तुझ्या शेजाऱ्यांकडे मुक्काम केला, तिथे रात्रभर तेच वाटत राहिलं.

आज सकाळी दहाला मिस्त्री गाडी ओढून न्यायला क्रेन घेऊन तुझ्या दारात हजर. मी शेजारून किल्ली आणली. अर्धा तास इंजिन पाहिलं, जाळी काढली, पंखे पाहिले. मग खिशातून गॅरेजचं पावतीपुस्तक काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, अक्षर तुमचं चांगलं आहे, तुम्हीच भरा. एवढंच बोलले. माफीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.

लोभ मागायची मला इतक्यात घाई नाही. औषधं वेळेवर घे.

ताई

सोबत, पावतीची नक्कल:

दिनांक ३० मार्च. दोन आसनी स्पोर्ट्स कार, लाल, बंद अवस्थेत. किल्ल्या दोन. बॅटरी एक. विजेचे पंखे दोन, गाडीला बसवलेले. समोरची जाळी एक, काढून सुटी दिली. क्लबाचं दुरुस्त परिपत्रक, प्रत एक.
बिघाड: इंजिनाचं हेड वाकलं, गॅस्केट जळलं.
बिघाडाचं कारण: पंख्यांच्या तारा उलट जोडल्या, न तपासता तपासल्या असं सांगितलं. काटा लाल असताना गाडी चालवली.
कारणास जबाबदार: गाडीमालक आणि त्यांची बहीण.
देणार: ताई, सही. घेणार: मिस्त्री, सही.
गाडी परत न्यायची तारीख (ही मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने घातली): १८ एप्रिल, गॅरेजवर.