पाच वाजता सौम्याबाई कुठे होत्या

प्रिय रचना,

फोन लावला की तू "आप्पा, मीटिंगमध्ये आहे" म्हणतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून कागद घेतला. सातवीपर्यंतच्या शाळेचं अक्षर आहे, लावून वाच.

परवा डेअरीत दूध घालायला गेलो, तर रवळू माप ओतता ओतता म्हणाला, "आप्पा, सौम्या सिस्टरला घरी बसवलं की वो. सही तुमच्या लेकीची हाय." मला वाटलं थट्टा करतोय, त्याची जीभच तशी. पण रांगेतलं कुणी हसलं नाही. माझ्या हातातली किटली कुणी घेतली, मी घरी कसा आलो, काही आठवत नाही.

सौम्याबाई आमच्या उपकेंद्राच्या नर्स. तू आरोग्य खात्यातली मोठी साहेब, तुझ्या हाताखाली अशा किती असतील, तुला त्या आठवणारही नाहीत. त्यांच्या आधीची नर्स बेळगावात राहायची, आठवड्यातून एकदा उगवायची. गावानं ओरड केली ती खरी. म्हणून सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला उपकेंद्रातूनच मोबाईलवर चेहरा दाखवायचा असा नियम तू केलास, तेव्हा मी चावडीत मिशीवर हात फिरवून सांगितलं, माझी लेक सगळ्यांना सरळ करणार.

पण सौम्याबाई आधीच सरळ होत्या गं. उजाडता डेअरीत यायच्या, कारण सगळं गाव तिथंच एका जागी सापडतं. दूध घालणाऱ्याचा दंड धरून रक्तदाब बघायच्या. मला म्हणायच्या, "आप्पा, चहात साखर घालता की साखरेत चहा?" तुझ्या आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिथंच हातात द्यायच्या, मग दिवसभर वस्त्यांवर फिरायच्या. नियम आला, लांबच्या वस्तीवरून पाचला परतणं जमेना, आणि त्या उपकेंद्रात बसून राहू लागल्या. पहाटे येऊन पुन्हा पाचपर्यंत थांबायचं, तर बाईमाणसानं घर कधी बघायचं? आणि दिवसा सगळं गाव तंबाखूच्या रानात. आईच्या गोळ्या संपल्या. उद्या जाईन, परवा जाईन, करत राहिली.

आता लपवलेलं सांगतो. आई फोनवर येत नाही, घसा बसलाय, असं मी तुला सांगत आलो. घसा बसला नव्हता. तंबाखूचे शेंडे खुडताना ती सरीत बसली ती उठेनाच. तोंड एका बाजूला ओघळलेलं. माझी मतीच गेली. शेजारच्या अंबूबाईनं सौम्याबाईंना फोन लावला. पाच वाजायला थोडाच वेळ होता. त्या उपकेंद्राला कुलूप लावून तशाच आल्या, आईकडं बघितलं आणि म्हणाल्या, "पाणी पाजू नका. गाडी आणा." रवळूच्या दुधाच्या टेम्पोत आईचं डोकं मांडीवर घेऊन त्या कोल्हापूरपर्यंत आल्या. कोगनोळीच्या नाक्यावर गाड्या तुंबलेल्या, तर खाली उतरून वाट मागत पुढं पळाल्या. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं म्हणून वाचली. तुला सांगितलं, मावशीकडं आलोय. आईनंच हातानं खुणावलं होतं, पोरीला कळवू नका.

आणि तू त्याच पाच वाजण्यावरून त्यांना घरी बसवलंस. आधीही वस्तीवर अडकून त्यांची वेळ हुकली होती म्हणे, तुझी ताकीद गेली होती. पाच वाजता बाई कुठं होती, एवढं विचारायला कुणी गावात आलं नाही. तू वाईट नाहीस. तेच तर मला उमजत नाही, रात्री डोळा लागत नाही.

काल त्यांच्या घरी गेलो. विचारलं, जबाबात आईचं नाव का नाही घातलं? म्हणाल्या, "मॅडमची आई म्हणून सुटले, तर उद्या दुसऱ्या कुणासाठी गेल्यावर काय सांगू?"

सोमवारी तुझ्यापुढं त्यांची चौकशी आहे. आम्ही दोघं सकाळच्या बसनं येतोय. भरल्या कचेरीत आईचं तोंड बघून तू हबकू नयेस, म्हणून हे आधी लिहिलं. साक्ष मी देणार होतो, पण ती ऐकत नाही. मॅडमची आई म्हणून नाही, पेशंट म्हणून बोलणार, असं तिनं तुकड्या-तुकड्यांत मला सांगितलं. अजून तिचे निम्मे शब्द तोंडातच राहतात, एक वाक्य पुरं व्हायला फार वेळ लागतो. तू मधेच तिचं वाक्य पुरं करू नकोस.

तुझाच,
आप्पा