माटोळीची सुपारी

मुंबई, ऑगस्ट १९८६

तीर्थरूप दादा आणि वहिनी यांना धाकट्या रोहिदासाचा नमस्कार.

मी इकडे ठीक आहे. खानावळीतली आमटी गोड लागते, पण पोट भरतं. वहिनींचा गुडघा कसा आहे?

माझ्या बायकोच्या, शेवंतीच्या, इथल्या इस्पितळातल्या विजेच्या शॉकसाठी तुम्ही काजूची बाग मक्त्याने दिलीत. ‘इतक्या गोळ्यांनी जमलं नाही, ते शॉकने जमेल का?’ असं विचारलंत. दादा, ती आता स्वतः केस विंचरते. वहिनींनी रांधलेल्या बांगड्याच्या हुमणाची, त्या आंबट कालवणाची आठवण काढते. काल म्हणाली, “चवथ जवळ आली. गणपतीवर फळं टांगायच्या माटोळीला आईंनी सुपारीचा घड काढून ठेवला का?”

दोन वर्षांत तिने कुणाची चौकशी केली नव्हती. खर्च वाया गेला नाही, एवढं नक्की.

फक्त आपली आई शिमग्यात गेली, हे तिला आठवत नाही. शॉकनंतर असं होतं, हळूहळू आठवेल, असं डॉक्टर म्हणतात. मी “ठेवलाय” म्हणालो आणि व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. इथे आईसाठी रडणारा मी एकटाच.

ती आता तुमची पत्रंही मागून घेऊन वाचते. म्हणून एक मागणं आहे. पुढच्या पत्रात आईची खुशाली लिहा.

तुमचा,
रोहिदास